केसाच्या मुळाशी असलेला रंग

कोडावर ‘रंग आणणारे औषध’ असे ज्यांना रुग्ण म्हणतात त्या औषधांत रंग नसतो, आणि त्वचारोग विभागात कोडाच्या रुग्णाला पहिल्या भेटीत समजावून सांगण्याची पहिली गोष्ट बहुधा हीच असते. बावचीच्या बियांतून मिळणारे सोरॅलेन असो, गोळीच्या रूपात मिळणारी त्याच्या कुळातील कृत्रिम द्रव्ये असोत, किंवा शरीरातल्या संप्रेरकाची नक्कल करून घडवलेली अलीकडची संयुगे असोत, ही सर्व द्रव्ये त्वचेतील रंगपेशींना कामाला लावतात. पेशीच उरल्या नसतील तर ती कोणाला कामाला लावणार, हा प्रश्न मात्र औषधाच्या खोक्यावर छापलेला नसतो. तो प्रश्न सुरुवातीलाच काढला आणि त्याचे उत्तर रुग्णाला कळेल अशा शब्दांत दिले, तर पुढे वर्षभर चालणाऱ्या उपचाराला बरा पाया मिळतो, असा या विभागात काम करणाऱ्यांचा अनुभव आहे. तो टाळून लिहिलेली चिठ्ठी, मग त्यावरचे औषध कितीही नवे असो, दोन-तीन महिन्यांत घरातल्या एखाद्या फडताळात जाऊन पडते आणि रुग्ण दुसऱ्या डॉक्टरच्या दारात उभा राहतो.

कोड, म्हणजे वैद्यकाच्या परिभाषेतील व्हिटिलिगो, हा त्वचेतील रंगपेशी नाहीशा होण्याचा विकार असून जगातील साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांत तो आढळतो. तो स्पर्शाने पसरत नाही आणि महारोगाशी त्याचा काहीही संबंध नाही, ही दोन वाक्ये या विभागात रोज उच्चारावी लागतात आणि तरीही ती पुरत नाहीत. निरोगी माणसाच्या बाह्यत्वचेच्या, म्हणजे त्वचेच्या सर्वांत वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. टायरोसिन या अमायनो आम्लावर टायरोसिनेज या विकराची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची, क्रिया होऊन त्यांच्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होते, ते सूक्ष्म कणिकांत भरले जाते आणि त्या कणिका आजूबाजूच्या सुमारे ३६ केराटिन पेशींना पुरवल्या जातात. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेतील रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो त्या किती, कोणत्या जातीचे आणि कसे मेलॅनिन तयार करतात यात. कोडात मात्र पेशीच जातात, कारण शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांना परके समजते आणि सीडी-८ नावाच्या लिम्फपेशी त्यांचा नाश करतात.

या नाशातून बऱ्याचदा एक जागा सुटते, ती म्हणजे केसाचे मूळ. केसाच्या मुळाभोवती जे आवरण असते त्याच्या वरच्या फुगीर भागात अजून रंग तयार न करणाऱ्या, अपक्व अवस्थेतील रंगपेशी दडून असतात, आणि डागावरचा केस काळा राहिला असेल तर मुळाशी त्यांचा साठा शाबूत आहे असे धरायला हरकत नसते. पेरणीच्या वेळी उघडायची बियाण्याची कणगी असावी तसा हा साठा आहे, आणि रंगपेशींना उत्तेजन देणारे प्रत्येक द्रव्य शेवटी तिथेच जाऊन दार ठोठावते. म्हणून अनुभवी डॉक्टर डाग किती मोठा आहे हे पाहण्याआधी त्यावर लव आहे का आणि ती कोणत्या रंगाची आहे हे पाहतो. गालावरचा, पाठीवरचा, पोटरीवरचा डाग मोठा दिसला तरी त्यात काळी लव असेल तर आशेला जागा असते. बोटांची टोके, तळहात, तळपाय, ओठ या ठिकाणी केसच नसतात, म्हणून तिथला नखाएवढा डागसुद्धा वर्षानुवर्षे दाद देत नाही. डागावरचे केस पांढरे झाले असतील तर औषधांपेक्षा शस्त्रक्रियेचा, म्हणजे निरोगी जागेतून रंगपेशी आणून डागावर लावण्याचा विचार करावा लागतो, आणि तोही डाग किमान वर्षभर स्थिर राहिल्यानंतरच.

ही तपासणी दिसायला साधी असली तरी तिला वेळ लागतो. खोली अंधारी करून वुडचा दिवा लावला जातो. सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जांभळट भासणारा हा प्रकाश रंगहीन त्वचेवर पडला की ती निळसर पांढरी उजळून निघते आणि उघड्या प्रकाशात न दिसलेले चार-दोन डागही उमटतात. याच दिव्याखाली दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले असता उपचाराची पहिली खूण सापडते: पांढऱ्या भागाच्या मधोमध प्रत्येक केसाभोवती टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका उमटलेला असतो, काही ठिपके एकमेकांना चिकटू लागलेले असतात, आणि डागाची कड आतल्या बाजूला सरकू लागलेली असते. रुग्णाला हे ठिपके घरच्या आरशात दिसत नाहीत, कारण तो डाग नाहीसा झाला का एवढेच पाहत असतो. भिंग हातात देऊन ‘मावशी, हे बघा, केसाच्या बुडाशी रंग धरलाय’ असे एकदा दाखवले की पुढचे सहा महिने तो नेमाने येतो. औषधाच्या मात्रेइतकेच हे दाखवणे महत्त्वाचे आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

रंग उत्तेजित करणाऱ्या द्रव्यांची माहिती प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीची आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात किलास, म्हणजे त्वचेवरचे पांढरे डाग, घालवण्यासाठी काळ्या वर्णाच्या वनस्पतीला केलेली आवाहने आहेत. आयुर्वेदाने श्वित्राच्या, म्हणजे कोडाच्या, चिकित्सेत बाकुची, म्हणजे आपली बावची, सांगितली आणि रुग्णाला उन्हात बसवण्याचा विधीही सांगितला. नाईलच्या खोऱ्यात अम्मी मेजस ही गाजराच्या कुळातील वनस्पती याच कामासाठी वापरात होती व तेराव्या शतकातील वनस्पतिवेत्ता इब्न अल-बैतार याच्या ग्रंथात तिची नोंद आहे. दोन वेगळ्या संस्कृतींनी दोन असंबद्ध वनस्पती निवडल्या आणि दोन्हींच्या बाबतीत बी खाऊन किंवा चोळून उन्हात बसा असेच सांगितले, यामागचे कारण नंतर कळले: दोन्हींमध्ये सोरॅलेन कुळातील संयुगे आहेत. १९४० च्या दशकात इजिप्तमधील रसायनशास्त्रज्ञांनी अम्मी मेजसच्या बियांतून मेथॉक्सालेन वेगळे केले आणि कैरोचे डॉ. अब्देल मोनेम अल मोफ्ती यांनी १९४८ मध्ये कोडाच्या रुग्णांवरील त्याच्या वापराचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. आधुनिक प्रकाशचिकित्सेची सुरुवात तिथून धरली जाते.

सोरॅलेनचे रेणू चपटे असल्यामुळे ते पेशीतील डीएनएच्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतात आणि अंधारात तसे निरुपद्रवी राहतात. त्यांच्यावर अतिनील ‘अ’ किरण, म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पडले की ते थायमिनसारख्या घटकांना जखडून टाकतात, काही वेळा डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात, आणि या आघाताला मिळणाऱ्या प्रतिसादात एकीकडे हल्लेखोर लिम्फपेशी मरतात, तर दुसरीकडे केसाच्या मुळातील रंगपेशी वाढू लागून वरच्या दिशेने सरकतात. औषध आणि किरण यांच्या या जोडीला पुवा म्हणतात व दिव्याऐवजी सूर्य वापरला की तिला पुवासोल म्हणतात. म्हणजे रंग आणणारी क्रिया ही मुळात मोजूनमापून केलेली इजा असते, आणि माप चुकले की उरते ती फक्त इजा.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक रुग्णालयांत पुवासोल दीर्घकाळ टिकले याचे कारण उघड आहे: ऊन फुकट मिळते आणि दिव्यांचा कक्ष जिल्ह्याच्या गावी जाऊनच मिळतो. यात बहुधा ट्रायऑक्सालेन हे कृत्रिम सोरॅलेन दिले जाते, कारण मेथॉक्सालेनच्या मानाने ते उन्हात कमी भाजते. एक दिवसाआड गोळी घ्यायची, दोनेक तासांनी डाग उघडे ठेवून उन्हात बसायचे, सुरुवात पाच मिनिटांनी करायची, दर खेपेला थोडी थोडी मिनिटे वाढवायची आणि डागावर हलकी गुलाबी छटा येऊ लागली की तिथे थांबायचे. कागदावर चार ओळींत मावणारी ही पद्धत घराघरांत वेगळी होऊन बसते. गोळीने मळमळते म्हणून ती खाण्याबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यावी असे सांगितले जाते, आणि कोडाच्या रुग्णाने दूध, ताक, मासे, लिंबू वर्ज्य करावे असे त्याला नातेवाइकांनी आधीच बजावलेले असते. मासे खाऊन दूध प्यायल्याने डाग उठतात ही समजूत किनारपट्टीवर तर इतकी पक्की आहे की आहाराचा आणि कोडाचा असा संबंध नाही हे पटवण्यात भेटीतला निम्मा वेळ जातो. गच्ची नसलेल्या वस्तीत पाठीवरचा डाग उघडा करून बसायचे कुठे, हा प्रश्न स्त्रिया विचारत नाहीत, त्या फक्त पुढच्या तारखेला येत नाहीत. जून ते सप्टेंबर ढगांत गेल्यामुळे उपचार खंडित होतो आणि दिवाळीनंतर पहिल्या मात्रेपासून मिनिटे मोजावी लागतात, हे चिठ्ठीवर ठळक लिहिले नाही तर पावसाळ्यापूर्वीची वीस मिनिटे ऑक्टोबरच्या उन्हात पहिल्याच दिवशी घेतली जातात.

गोळीनंतर दिवस मावळेपर्यंत बाजूनेही डोळे झाकणारा, अतिनील किरण अडवणारा चष्मा घालायचा असतो, कारण सोरॅलेन डोळ्याच्या भिंगापर्यंत पोहोचते. शहरात हे जमते. शेतावर निंदणीला गेलेल्या बाईने काळा चष्मा घातला तर सगळी आळी विचारते, आणि ज्या आजाराचा उच्चार चारचौघांत नको म्हणून उपचार घेतला जात असतो त्याचाच असा बोभाटा होतो. अशा वेळी नियमाचा आग्रह धरण्यापेक्षा गोळीचा मार्ग सोडून देणे हाच अनेक डॉक्टर शहाणपणाचा निर्णय मानतात, आणि तो योग्यही आहे.

लावण्याच्या सोरॅलेनबद्दल तर अधिक सावध राहावे लागते, कारण ते निरुपद्रवी वाटते. बाजारात मिळणारे एक टक्क्याच्या आसपासचे द्रावण बहुतेक रुग्णांसाठी दहापट किंवा त्याहून अधिक पातळ करावे लागते, ते कापसाच्या काडीने फक्त डागावर, कडेच्या आत, लावायचे असते, ठरलेली मिनिटे झाली की साबणाने धुऊन डाग झाकायचा असतो. पूर्ण ताकदीचे द्रावण ‘लवकर रंग यावा’ म्हणून लावून दुपारी अर्धा तास बसलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी येत नाही. तो तिसऱ्या दिवशी येतो, कारण सोरॅलेनची भाजणी उन्हाच्या भाजणीपेक्षा उशिरा, साधारण दोन ते तीन दिवसांनी, शिखरावर पोहोचते. तोपर्यंत पायाच्या घोट्यावर डागाच्या आकाराचाच पाण्याने टरारलेला फोड आलेला असतो, त्याची कड डागाबाहेर बोटभर सरकलेली असते आणि त्या सरकलेल्या जागी पुढे नवा डाग पडण्याचा धोका असतो. इजा झालेल्या त्वचेवर कोड उमटण्याच्या या प्रवृत्तीला कोब्नर प्रतिक्रिया म्हणतात. परकराच्या नाडीखाली कमरेभोवती, चपलेच्या अंगठ्याजवळ, चष्म्याच्या दांडीखाली डाग का येतात याचे उत्तरही त्याच प्रवृत्तीत आहे. शिवाय अतिनील ‘अ’ किरण खिडकीच्या साध्या काचेतून आरपार जातात, त्यामुळे औषध लावून एसटीच्या काचेशेजारी बसून केलेला प्रवास हाही ऊन घेणेच ठरतो, ही गोष्ट न सांगितल्यामुळे हाताच्या पाठीवर फोड येतात आणि दोष औषधाच्या ‘गरमपणा’वर जातो.

या सगळ्या कटकटींमुळे, आणि मेथॉक्सालेनसह अतिनील ‘अ’ किरणांची गणना कर्करोगकारक उपचारांत झाल्यामुळे, १९९७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील अतिनील ‘ब’ किरण कोडावर एकटेच पुरतात असे दाखवल्यावर चित्र पालटले. गोळी नाही, मळमळ नाही, दिवसभराचा चष्मा नाही, लहान मुलांना आणि गर्भवतींनाही देता येतो, असा हा उपचार रुग्णांच्या भाषेत ‘लाईट घेणे’ म्हणून ओळखला जातो. उभ्या नळ्यांच्या कपाटासारख्या कक्षात रुग्ण डोळे झाकून उभा राहतो, सुरुवातीची मात्रा दर चौरस सेंटिमीटरला २०० मिलीज्यूलच्या आसपास असते, ती दर खेपेला दहा ते वीस टक्क्यांनी वाढवली जाते, आणि आदल्या खेपेनंतर लाली किती तास टिकली हे विचारल्याशिवाय तंत्रज्ञ बटण दाबत नाही. आठवड्याला दोन ते तीन खेपा, आणि सहा महिने झाल्याशिवाय ‘गुण नाही’ असे म्हणायचे नाही, हा नियम. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या मजुराच्या दृष्टीने याचा अर्थ आठवड्याचे दोन दिवस खाडे असा होतो. किरण मिनिटा-दोन मिनिटांचे असतात, दिवस मात्र पूर्ण जातो. म्हणूनच चाचण्यांत दिसणारी टक्केवारी आणि बाह्यरुग्ण विभागात दिसणारी टक्केवारी यांत जे अंतर पडते ते रेणूंच्या गुणधर्मांपेक्षा एसटीच्या वेळापत्रकाने अधिक ठरते.

किरणांखेरीज थेट रंगपेशीलाच आज्ञा देता येईल का, या विचाराचा इतिहास निराळा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञ एरन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरी ग्रंथीतून अल्फा-एमएसएच, म्हणजे रंगपेशींना उत्तेजित करणारे संप्रेरक वेगळे केले. हे संप्रेरक रंगपेशीच्या पृष्ठावरील एमसी-१-आर या ग्राहकाला चिकटते, पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते आणि टायरोसिनेजचे उत्पादन वाढते. पण रक्तात ते काही मिनिटेच टिकत असल्यामुळे औषध म्हणून त्याचा उपयोग नव्हता. १९८० मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी त्यातील दोन अमायनो आम्ले बदलून कितीतरी अधिक टिकाऊ रेणू घडवला, जो पुढे अफामेलॅनोटाइड या नावाने ओळखला गेला. उन्हाने असह्य वेदना होणाऱ्या एका दुर्मीळ पॉर्फिरिया विकारासाठी त्याला युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. कोडावर त्याचे १६ मिलिग्रॅमचे, त्वचेखाली बसवायचे आणि हळूहळू विरघळणारे रोपण अरुंद पट्ट्याच्या किरणांबरोबर देऊन पाहिले असता रंग लवकर आणि अधिक भरला, विशेषतः चेहऱ्यावर व हातांवर, आणि सावळ्या वर्णाच्या रुग्णांत हा फरक अधिक होता.

सावळ्या रुग्णांना अधिक गुण येणे ही आपल्याकडच्या दृष्टीने चांगली बातमी वाटते, पण तिच्यात एक पेच आहे. हे संप्रेरक डाग आणि निरोगी त्वचा यांत भेद करत नाही. सगळे अंगच गडद होते, आणि डाग भरेपर्यंत तो उलट अधिक उठून दिसतो. पुवाच्या बाबतीतही डागाची कड काळवंडते आणि पहिल्या दोन महिन्यांत नातेवाईक सांगतात की डाग वाढला. ज्या समाजात लग्नाच्या बाजारात पांढरा डाग नको असतो आणि काळा रंगही नको असतो, तिथे मुलीची आई डॉक्टरला विचारते, ‘डाग भरेल हो, पण पोरगी काळी तर पडणार नाही ना?’ हा प्रश्न ऐकून हसू येणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की रंग उजळवण्याच्या हव्यासातूनच कोड निर्माण होऊ शकते: जपानमध्ये २०१३ मध्ये रोडोडेंड्रॉल हे रंग उजळवणारे द्रव्य असलेली प्रसाधने हजारो स्त्रियांच्या त्वचेवर पांढरे डाग पडल्यामुळे बाजारातून परत घ्यावी लागली. फेनॉलच्या कुळातील अशा द्रव्यांना टायरोसिनेज चुकून आपला नेहमीचा माल समजते आणि त्यांच्यावर प्रक्रिया करताना पेशीच विषारी उत्पादनाने मरते. टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल फेनॉल हे त्यातलेच, आणि कपाळाच्या मधोमध टिकलीच्या मापाचा पांढरा ठिपका घेऊन येणाऱ्या स्त्रीला औषध लिहिण्याआधी चिकटणारी टिकली सोडून कुंकू लावायला सांगणे हा उपचाराचा पहिला भाग असतो. अफामेलॅनोटाइडच्या नावाशी साधर्म्य असलेली, इंजेक्शनच्या किंवा नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात परदेशात चोरून विकली जाणारी मेलॅनोटॅन-२ सारखी द्रव्ये हा तर रुग्णांना आवर्जून टाळायला सांगण्याचा विषय आहे.

आणखीही काही द्रव्ये या वाटेवर येऊन गेली. काळ्या मिरीतील पायपरीन रंगपेशींची संख्या वाढवते हे लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी आधी पेशीसंवर्धनात आणि २००८ मध्ये उंदरांच्या त्वचेवर दाखवले, पण त्यावरून मिरपूड डागावर चोळणाऱ्याला फक्त आग मिळते. काचबिंदूवरच्या लॅटॅनोप्रोस्टसारख्या थेंबांनी बुबुळ व पापण्यांचे केस गडद होतात, या निरीक्षणावरून प्रोस्टाग्लँडिनजन्य द्रव्ये डागावर लावून पाहिली गेली, आणि चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतून २००२ मध्ये प्रोस्टाग्लँडिन-ई-२ मलमाचा आशादायक प्राथमिक अहवाल आला. क्यूबात निघालेल्या नाळेच्या अर्काचा एकेकाळी फार बोलबाला झाला. छोट्या डागांवर, चेहऱ्यावर, किरणांच्या जोडीने यातली काही द्रव्ये मदत करतात, यापलीकडे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

उत्तेजन देणाऱ्या सर्व द्रव्यांची खरी मर्यादा वेगळीच आहे. केसाच्या मुळातून वर आलेली पेशी ज्या जागी येते तिथे तिची वाट पाहणारी हल्लेखोर लिम्फपेशी अजून बसलेली असते. म्हणून डाग पसरत असताना नुसते उत्तेजन देणे म्हणजे रंगपेशींना बळी देणे होय, आणि आपल्याकडे बीटामेथॅसोन या स्टेरॉइडची पाच मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस देण्याची पद्धत, जी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील पसरिचा आणि खैतान यांनी १९९३ मध्ये मांडली, ती रोग थांबवण्यासाठीच वापरात आली. त्याच दिशेचा नवा टप्पा म्हणजे लिम्फपेशींना बोलावणारा इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप पेशीच्या आत अडवणारी जानस कायनेज प्रतिबंधक औषधे. त्यांतील रक्सोलिटिनिबच्या दीड टक्के मलमाला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत २४ आठवड्यांनंतर सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचे कोड तीन चतुर्थांशाने किंवा अधिक कमी झाले, तर औषधविरहित मलम लावलेल्यांत हे प्रमाण ७ ते ११ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. हे औषध रंगपेशीला काहीच आज्ञा देत नाही, तरीही रंग येतो. मुळाशी साठा असला आणि वरचा मारा थांबला तर पेशी बऱ्याच अंशी आपणहून वर येतात, हे यावरून दिसते. ऊन व किरण ही त्यांना दिलेली हाक, मलम हे संरक्षण, आणि दोन्ही एकत्र दिले तर गुण अधिक, अशी आजची समजूत आहे.

या वैद्यकीय हिशेबाला समांतर दुसरा हिशेब रुग्णाच्या मनात चालू असतो आणि तो डॉक्टरच्या तक्त्याशी जुळत नाही. तक्त्यात शरीराच्या किती टक्के भागावर डाग आहे हे लिहिले जाते. रुग्णाला ओठावरचा एक टक्काही नसलेला डाग पाठीवरच्या दहा टक्क्यांपेक्षा जड वाटतो, आणि ओठ ही नेमकी केस नसलेली जागा. पाठीवर भरभरून रंग आला म्हणून डॉक्टर समाधानी असताना रुग्ण खिन्न असू शकतो, कारण साखरपुड्याला दिसणारी जागा तशीच राहिलेली असते. अशा वेळी झाकण्याचे प्रसाधन सुचवणे हा कमीपणा मानण्याचे कारण नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली ‘श्वेता असोसिएशन’ ही रुग्णांची संघटना, किंवा कोड असलेल्या तरुण डॉक्टरला नायिका करणारा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा २००६ मधील ‘नितळ’ हा चित्रपट, यांनी जे काम केले ते कोणत्याही संयुगाच्या आवाक्यातले नाही. त्वचारोग विभागाच्या प्रतीक्षालयात एकमेकांना भेटलेले रुग्ण जे बोलतात ते त्याच जातीचे असते. उलट ‘सात दिवसांत पांढरे डाग गायब’ अशा भिंतींवरच्या जाहिराती अजून टिकून आहेत, जरी १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांसंबंधीच्या कायद्याच्या परिशिष्टात पांढऱ्या डागांचे नाव असल्याने त्यावरच्या उपचाराची अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. त्या जाहिरातींतील लेपांत काय असते हे सांगता येत नाही, पण लावल्यावर उन्हात बसा असे जिथे सांगितलेले असते तिथे न मोजलेल्या बावचीचा संशय घ्यावा आणि फोडांची तयारी ठेवावी.

रंग भरून आल्यानंतरचा काळ हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. डाग भरला की रुग्ण येणे थांबवतो, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु संरक्षणयंत्रणेची स्मृती त्वचेत राहते आणि उपचार बंद केल्यावर पहिल्या वर्षात बऱ्याच जणांचे डाग जुन्याच जागी परत येतात. फ्रान्समधील २०१५ च्या एका अभ्यासात भरलेल्या डागांवर आठवड्यातून दोनदा संरक्षणयंत्रणेला आवर घालणाऱ्या टॅक्रोलिमसचे ०.१ टक्के मलम लावत राहिल्यावर सहा महिन्यांत पुन्हा पांढरे होण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर राहिले, तर औषधविरहित मलम लावलेल्यांत ते ४० टक्के होते. म्हणून आता केसपेपरवर ‘रंग पूर्ण भरला’ असे लिहिल्यानंतर त्याच ओळीत सोमवार आणि गुरुवार असे दोन वार लिहून दिले जातात, मलमाची नळी किती दिवस पुरेल हे सांगितले जाते, आणि पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची टाकली जाते.